तिसऱ्या मजल्यासाठी खास पत्ता

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. उलट आत्या म्हणाली म्हणून दोन-तीन गोष्टी गाळल्याच आहेत.

भुताची गोष्ट म्हटलं की लोकांना मध्यरात्र लागते. इथे ती मिळणार नाही. जे घडलं ते भर सकाळी, अकरा वाजून दहा मिनिटांनी, ऑफिसातल्या ट्यूबलाइटखाली सुरू झालं. वार मंगळवार.

संपलं कधी... ते अजून ठरायचंय.

माझी आत्या लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तक्रार विभागात आहे. एकवीस वर्षं. विभाग म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा पंखा आणि आत्या. दिवसाला दीडशे-दोनशे ईमेल. त्यात खऱ्या तक्रारी तीस-चाळीस. बाकी जाहिराती, एकच तक्रार पाच जणांना धाडणारे, नुसतं 'आभार' एवढंच लिहिणारे आणि त्या 'आभार'लाही सगळ्यांना एकदम उत्तर देणारे.

वाचून वाचून आत्या पार थकली होती. घरी आल्यावर दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा तिला वाचवत नसे.

मग तिने एक पद्धत बसवली. बँकेला एक पत्ता, दुकानांना दुसरा, घरच्यांना तिसरा. कुठल्या वेबसाइटला पत्ता द्यायची वेळ आली, की ती नवाच बनवायची. एका पत्त्यावर एकच माणूस. त्या पत्त्यावर भलत्याच कोणाचं मेल आलं, की पत्ता कोणी फोडला ते लगेच कळायचं. उरलेल्यांना फिल्टर. अमका शब्द दिसला की थेट कचऱ्यात. तमका माणूस असला की मेल न उघडताच त्यावर 'वाचलं' अशी खूण, आणि रवानगी कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये.

ऑफिसातले लोक रांग लावून तिच्याकडून फिल्टर लावून घ्यायचे. "तुमच्या हाताला गुण आहे," म्हणायचे. आत्याही खुशीत असायची.

आणि मग मास्तर आले.

निवृत्त गणिताचे मास्तर. चार मजली जुन्या इमारतीत, सगळ्यात वर राहायचे. घरात ते आणि त्यांची बायको. रोज सकाळी वर्तमानपत्र आणायला खाली उतरताना लिफ्टमधूनच फोनवर मेल लिहायचे. रोज. सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

'वेळ ११:१०. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर विनाकारण थांबली. दार उघडले. बाहेर कोणी नव्हते. नऊ सेकंदांनी दार बंद झाले. कळावे.'

आत्याने दोनदा मेकॅनिक पाठवला. हा मेकॅनिक म्हणजे पाना. खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत नसावं, खिशात सदा पाना म्हणून पाना. तो दोन्ही वेळा दिवसभर खाली-वर करून आला. लिफ्ट एकदाही थांबली नाही.

"म्हाताऱ्याला करमत नाही, दुसरं काही नाही," पाना म्हणाला.

मेल येतच राहिलं. नऊ सेकंद. कळावे. नऊ सेकंद. कळावे.

शेवटी एका दुपारी आत्याने तिची नेहमीची युक्ती केली. मास्तरांसाठी एक नवा पत्ता बनवला. त्यावर येईल ते सगळं 'वाचलं' अशी खूण होऊन 'तिसरा मजला' नावाच्या फोल्डरमध्ये जाईल असा फिल्टर लावला. आणि मास्तरांना लिहिलं, 'आपल्या तक्रारीसाठी हा खास पत्ता सुरू केला आहे. कृपया यापुढे इथेच लिहावे.'

मास्तरांचं उत्तर आलं. 'आपण इतकी काळजी घेतलीत, आभारी आहे.'

त्या दिवशी आत्याला जरा लाज वाटली. पण दुसऱ्या दिवशी टेबलावर शांतता होती, आणि शांततेपुढे लाज किती टिकणार?

अकरा महिने गेले.

त्या मंगळवारी साहेबांनी फर्मान काढलं, मेलची जागा भरत आलीय, जुने फोल्डर रिकामे करा. आत्याने एकेक उडवायला घेतला. 'तिसरा मजला'वर आली. तीनशे चाळीस मेल.

उडवणार, तेवढ्यात सगळ्यात वरच्या मेलवर नजर गेली. कालचंच होतं.

'वेळ ११:१०. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. दार उघडले. आत ती एकटीच होती. मी समोर उभा होतो. तिला दिसलो नाही. नऊ सेकंदांनी दार बंद झाले. कळावे.'

आत्याने चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

परवाचं उघडलं. तेच. त्याच्या आदल्या दिवशीचंही तेच. दार उघडले. ती एकटी. दिसलो नाही.

म्हातारपणी डोक्यावर परिणाम झाला असावा, असं वाटून तिला वाईट वाटलं. अकरा महिने एका माणसाला आपण भिंतीशी बोलायला लावलं. तिने फाइलमधला नंबर काढून फोन लावला.

मास्तरांच्या बायकोने उचलला.

"मास्तर आहेत का, काकू? लिफ्टच्या ऑफिसातून बोलतेय."



"ते गेले हो. चार महिने झाले."

आत्याने स्क्रीनकडे पाहिलं. कालची तारीख तिथेच होती.

"तुम्हीच का त्या बाई?" काकू विचारत होत्या. "ते सारखे सांगायचे. म्हणायचे, ऑफिसातल्या एक बाई माझं रोज वाचतात, माझ्यासाठी वेगळा पत्ता काढलाय, त्या बघतील. तोवर त्या लिफ्टवर दोघांचं ओझं नको, तू लिफ्टने जात जा, तुझे गुडघे धड नाहीत, मी जिन्याने येतो. पेपर घेऊन जिन्यानेच चढत होते. तिसऱ्या मजल्यावर बसले... ते बसलेच."

आत्या स्क्रीनवरच्या 'वाचलं' या खुणांकडे बघत राहिली.

"वाचायचात ना तुम्ही?" काकूंनी विचारलं.

"हो," आत्या म्हणाली.

आयुष्यात इतकं मोठं खोटं ती कधी बोलली नव्हती. मला हे सांगतानाही तिने मान खालीच घातली होती.

कोणीतरी चेष्टा करत असेल? पण त्या पत्त्यावर एकच माणूस होता. तो पत्ता जगात दुसऱ्या कोणाला ठाऊकच नव्हता. तिची स्वतःचीच पद्धत. तिने घाबरत विचारलं, "काकू, त्यांचा फोन कोण वापरतं?"

"कोण वापरणार? कपाटात आहे. बंद आहे कधीचा."

आत्याने फोन ठेवला. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली.

फोल्डरमधला आकडा बदलला.

तीनशे एकेचाळीस.

'उद्या ११:१० ला चौथ्या मजल्याचे दार उघडेल. लिफ्ट तिसऱ्यावरच असेल. तिला आता नीट दिसत नाही. कृपया लक्ष द्यावे. कळावे.'

आत्या तडक साहेबांकडे गेली. ती लिफ्ट बंद करायला हवी, आजच.

"तक्रार कोणाची?" साहेबांनी मान वर न करता विचारलं.

आत्याने दुसरीकडे पाहिलं.

"लेखी आहे का काही?"

"आहे... पण दाखवता येणार नाही."

साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि दोन दिवस रजा घ्या म्हणाले. थकलेल्या माणसाला म्हणतात तसं, समजुतीच्या सुरात.

तिने रजा घेतली आणि पानाला गाठलं. खरं कारण सांगितलं नाही. "माझ्यासाठी एवढं कर," म्हणाली. एकवीस वर्षांत तिने त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. पाना कुरकुरत का होईना, आला.

बुधवारी पावणेअकराला दोघं त्या इमारतीत पोचले. पानाने तळमजल्यावर 'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी लावली. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर उभी होती. तशीच तिथे ठेवून त्याने मेन स्विच स्वतःच्या हाताने पाडला. लिफ्टचे दिवे गेले. पंखा बंद झाला.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

आत्या जिना चढू लागली. तिसऱ्या मजल्यावर एकच फ्लॅट, कुलूपबंद. कोपऱ्यात धूळ. तिथून जाताना तिने श्वास रोखून धरला होता. का, ते तिलाही सांगता येत नाही.

चौथ्या मजल्यावर काकूंचं दार उघडत होतं. हातात पिशवी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. एक हात भिंतीवरून फिरवत त्या लिफ्टकडे निघाल्या.

"काकू, थांबा, लिफ्ट बंद..."

आणि दार सरकलं.

आवाज न करता. पूर्ण उघडलं.

आत लिफ्ट नव्हती. काळोख होता, आणि त्यात लोंबणारे दोर.

काकूंनी सवयीने पाय उचलला.

आत्याने त्यांचा दंड धरून मागे खेचलं. दोघी जमिनीवर पडल्या. पिशवी आत गेली. खाली कशावर तरी आदळल्याचा आवाज आला.

आत्या म्हणते, तिने नकळत मोजले. नऊ सेकंद. मग दार बंद झालं.

पानाने नंतर सगळं खोलून पाहिलं. चौथ्या मजल्याच्या दाराची कडी आतून झिजून गेली होती, ते खरं. पण वीज नसताना ते दार सरकवलं कोणी? पाना त्यावर बोलत नाही. विषय काढला की विडी पेटवतो.

लिफ्ट पूर्ण दुरुस्त व्हायला सहा दिवस लागले. नवी दारं, नवे दोर. आत्या खुर्चीत टेकली, आणि कितीतरी महिन्यांनी तिला पोटभर झोप लागली.

सातव्या दिवशी अकरा दहाला मेल आलं.

'लिफ्ट दुरुस्त झाली का? मी अजून तिसऱ्या मजल्यावरच आहे. जिना चढवत नाही. कळावे.'

तिने उत्तर लिहिलं. 'झाली.' ते लगेच परत आलं. हा पत्ता आता अस्तित्वात नाही, म्हणे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. 'झाली का?'

तिसऱ्या दिवशी पुन्हा. 'फार दमलो आहे.'

फिल्टर बदलून ती मेलं थेट कचऱ्यात टाकता आली असती. दोन मिनिटांचं काम. पण जिन्यात बसलेल्या त्या माणसाला दुसऱ्यांदा भिंतीशी बोलायला लावायचं तिच्या जिवावर आलं.

नवव्या मेलनंतर ती त्या इमारतीत गेली.

तिसऱ्या मजल्यावर उभी राहिली. समोर कुलूप. खाली धूळ. हे काय करतोय आपण, असं तिला वाटलंच. तरी ती बोलली.

"मास्तर, मी ऑफिसातली बाई. मी वाचत नव्हते हो. माझी चूक झाली. लिफ्ट दुरुस्त झालीय. आता जा तुम्ही वर."



मग खालून लिफ्टची घरघर ऐकू आली. बटण कोणी दाबलं नव्हतं. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर आली. दार उघडलं. आत लख्ख उजेड, आणि कोणी नाही.

दार बंद झालं. लिफ्ट वर गेली.

वरच्या मजल्यावर दाराची कडी वाजली. आणि काकूंचा आवाज आला, रोजचा असावा तसा.

"आलात? किती उशीर..."

आत्या जिना उतरून थेट घरी आली. त्या दिवशी ती कोणाशी बोलली नाही, पण मनातून हलकी झाली होती. चार महिने जिन्यात अडकलेला माणूस घरी पोचला होता.

दुसऱ्या दिवशी ती अकरा वाजल्यापासूनच स्क्रीनसमोर बसली. आज मेल येणार नाही, अशी तिची खात्री होती.

अकरा दहा.

'आज लिफ्ट कुठेही थांबली नाही. आम्ही दोघे खाली उतरलो. तक्रार बंद करावी. कळावे.'

आत्याने ते दोनदा वाचलं. मग 'दोघे' या शब्दावर ती थांबली.

फोन लावला. खूप वेळ वाजला. शेवटी शेजारच्या कोणा बाईने उचलला. काकू सकाळीच गेल्या, म्हणाली. दाराजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या. चपला घातलेल्या होत्या, कुठे निघाल्यासारख्या.

याला आता दोन वर्षं झाली. त्या पत्त्यावर पुन्हा काही आलं नाही. आत्याने सगळे फिल्टर काढून टाकलेत. दीडशेच्या दीडशे मेल ती रोज शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, आणि संध्याकाळी डोळे मिटून बसून राहते.

मास्तरांची तक्रार मात्र कंपनीच्या यादीत अजून उघडीच आहे. महिनाअखेरीला साहेब विचारतात, हे काय राहिलंय? आत्या म्हणते, बघते.

मागच्या रविवारी तिने मला एवढंच विचारलं.

"मी काकूंना खड्ड्यात पडू दिलं नाही. आणि मग मीच मास्तरांना वर पाठवलं. काय केलं रे मी?"