पाण्यावर थबकलेला कळप

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलेलं आहे. सौसनसमोर हा विषय हसण्यावारी नेऊ नका.

गेल्या वर्षीचा ऑगस्ट. गुरुवार. दक्षिण जॉर्डनच्या डोंगरातला एक झरा आणि त्याच्या वर दगड रचून केलेला आडोसा. एमएस्सीच्या प्रबंधासाठी सौसन तिथे आयबेक्स मोजत होती... लांब शिंगांचे रानबकरे. तिच्याच वर्गातला गैथ पलीकडच्या कड्यावर दुर्बीण लावून बसला होता.

"झोपलीस का गं?" वॉकीटॉकीवर तो चिडवत होता.

"तू तुझे बकरे मोज. काल दगडाला बकरा म्हणालास!"

भर दुपारी कळप उतरला. चौदा.

तहानेनं कासावीस झालेले. तरी पाण्यापासून दहा पावलांवर थबकले.

एकही पुढे होईना.

पाखरं गप्प झाली. वारा तर नव्हताच...

आणि पाण्यावर वलयं उठली.

घट्... घट्... घट्...

कुणीतरी ओंजळीनं पाणी पीत होतं. काठावर कुणीच नव्हतं.

आवाज थांबला. कळप दोन्हीकडे सरकला, मधून एक माणूस जाईल एवढी वाट सोडून. मग चौदा माना हळूहळू वळू लागल्या. काठावरून उतारावर... उतारावरून वर...

आडोशाकडे.

सौसन आडोशात आणखी खाली वाकली.

सगळे बकरे आता तिच्याकडे बघत होते. नाही... तिच्या शेजारी.

शेजारच्या तापलेल्या दगडावर एक थेंब पडला. मग दुसरा.

वॉकीटॉकी खरखरली. "सौसन, अबू सख्र काका कधी येऊन बसले गं तुझ्याजवळ?"

अबू सख्र, तिथला म्हातारा वनरक्षक. तो सकाळपासून खाली चौकीत होता.

सौसन कशीबशी उठली आणि धावत सुटली. वह्या, पिशवी, सगळं तिथेच टाकून. मागे वळून पाहिलंच नाही.

चौकीत अबू सख्रनं गोड चहा पुढे केला. सगळं ऐकून घेतलं. हसला नाही.

"पोटभर प्यायला ना तो?"

"कोण, काका?"

अबू सख्रनं तिचा पेला पुन्हा भरला. मग हळूच विचारलं, "पोरी, तू उठलीस तेव्हा तो बसूनच राहिला... की तोही उठला?"

प्रबंध पुरा झाला, दुसऱ्या झऱ्यावर.

अबू सख्रच्या त्या प्रश्नाचं उत्तर मात्र सौसनकडे अजून नाही.