धाकटीकडून घेत नसतात

मिरजेतल्या एका गल्लीत दुपारी ओवी आणि झैनब पायरीवर बसल्या होत्या. झैनबच्या सायकलवर ओवीचा कधीपासून डोळा होता.

"उद्या मला एक चक्कर देशील?"

"देईन की."

"नुसतं 'देईन की' नको. हा चिंचोका घे आणि मग बोल."

झैनबने चिंचोका उलटसुलट करून पाहिला, खिशात टाकला आणि म्हणाली, "उद्या तुला सायकलची एक चक्कर देईन." ओवीच्या दप्तराला लटकवलेल्या खेळण्यातल्या साक्षीच्या डबीत हिरवा दिवा लागला आणि ती किनऱ्या आवाजात बोलली, "वचन बांधले!"

ओवीचे आजोबा, मगदूम सर, जाळीच्या दाराआड चष्मा पुसत बसले होते. आयुष्यभर त्यांनी कॉलेजात कायदा शिकवला होता आणि समजावून सांगायचा कंटाळा त्यांना अजून आला नव्हता.

"चिंचोका नसता दिला तर?" त्यांनी विचारलं.

"तर ती नुसती थाप, आजोबा."

"थाप कशी? वचनच ते. पण न बांधलेलं. ते मोडलं तर कायदा तुझ्या बाजूने उभा राहत नाही. वचन देणाऱ्याला त्याच्या बदल्यात काहीतरी मिळालं पाहिजे. त्याला प्रतिफल म्हणायचं."

"पण चिंचोका एवढुसा आणि सायकल एवढी मोठी!" झैनब म्हणाली.

"चालतं. केवढं आहे ते कायदा विचारत नाही. आहे का, एवढंच विचारतो. तशा तुम्ही दोघी अजून लहान, तुमचा करार मोठ्यांच्या साक्षीपुढे टिकायचा नाही. पण सवय चांगली आहे."

मोठ्यांची साक्षी म्हणजे प्रत्येक घराच्या चौकटीवर बसवलेली सुपारीएवढी डबी. वर्षानुवर्षं तुंबलेले खटले संपवायला ती आली. घरात दिलेलं प्रत्येक वचन ती ऐके, लक्षात ठेवी आणि बांधलेलं असेल तर स्वतःच पाळायला लावी. घर विकायचं ठरवून कोणी मागे फिरलं, तर कुलूप नव्या मालकाच्या बोटाला उघडे. खोटं बोलायला जागाच उरली नाही. लोकही शहाणे झाले. शब्द देताना नावाला का होईना एक सुपारी हातावर ठेवायची, हे आता लहान मुलांनाही कळत होतं.

शेजारच्या घरात मेघना आवटी आप्पांसाठी भात कालवत होती. मुलींचं बोलणं तिला ऐकू येत होतं. चिंचोक्याचा शब्द आला तेव्हा तिचा हात थांबला.

तिच्या गळ्याभोवती रुंद पट्टी होती. मार्गशीर्षात कर्करोगाचं निदान झालं आणि संक्रांतीनंतर तिचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. ही कंठपट्टी गळ्याच्या स्नायूंची हालचाल ओळखे आणि मनातलं वाक्य मोठ्याने बोलून दाखवी. मात्र कुठल्या तरी माणसाच्या आवाजाचा साचा तिच्यात भरावा लागे. आवाज चोरून फसवणुका फार झाल्या, तेव्हापासून जुन्या ध्वनिफितींवरून साचा करायला बंदी होती. जिवंत माणसाने समोर बसून, स्वच्छ आवाजात, बराच वेळ वाचून दाखवावं लागे. मेघनाला आजार कळला तोवर तिचा आवाज फाटून गेला होता. म्हणून पट्टीत कंपनीने दिलेला एक तयार आवाज होता, कुणाचाच नसलेला.

"आप्पा, आ करा," तो आवाज म्हणाला.

आप्पांनी ओठ घट्ट मिटले. त्यांची नजर गेली होती, आणि आठवणही जात चालली होती. जग त्यांना आवाजांनीच कळे, आणि त्यातलेही दोनच आवाज उरले होते. दोन्ही लेकींचे.

"कोण बाई तुम्ही? माझ्या घरात काय करताय? रेवतीला बोलवा. मेघीला बोलवा."

"मीच मेघी, आप्पा."

"माझी मेघी अशी बोलत नाही." त्यांनी ताट ढकललं. भात जमिनीवर सांडला.

असं रोज चाललं होतं. कधी अर्धा पेला पेज, कधी तेवढंही नाही. आप्पांच्या मनगटाची हाडं मोजता येतील अशी झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, "नळी घालता येईल, पण ते ती उपसून टाकतील. त्यांना हाताने भरवणंच खरं."

खरं तर यावरचा उपाय आधीच ठरलेला होता. दोघी बहिणींचा आवाज इतका सारखा, की फोनवर आप्पासुद्धा फसत. निदान झालं त्याच आठवड्यात थोरली रेवती धावत आली होती. "माझ्या आवाजाचा साचा तू घाल," ती म्हणाली होती. "आप्पांना कळणारसुद्धा नाही." शस्त्रक्रियेची जखम भरत होती तेव्हा एका सकाळी रेवती न्हाणीघरात कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ती परत शुद्धीवर आलीच नाही.

साचा मात्र तयार होता. संक्रांतीत मधुस्वर नावाच्या कंपनीने हळदीकुंकू केलं होतं. बायकांनी आतल्या खोलीत बसून वाचायचं आणि बाहेर येऊन वाण घ्यायचं. रेवतीला वाटलं, बरं झालं, मेघीचं काम फुकटात होईल. ती वाचून आली, तिळगूळ घेतला, वाण म्हणून मिळालेला स्टीलचा डबा घेतला, आणि तिथल्या साक्षीने काय विचारलं ते नीट न ऐकता "हो हो" म्हणाली. वाण का कुणी नाकारतं?

आता मधुस्वर म्हणत होती, हा आवाज आमचा.

सुनावणी सोमवारी होती. मेघनाची बाजू मांडायला मगदूम सरांनी कोट चढवला. मेघनाने दोघांसाठी डब्यात भडंग भरून घेतलं, कारण सरांना भूक सहन होत नसे.

न्यायकक्ष म्हणजे एक लहानशी खोली. निर्णय द्यायला बिराजदारबाई होत्या. वयस्क, शांत आवाजाच्या. समोर मधुस्वरचा तरुण वकील बसला होता.

"प्रश्न एकच आहे," बाई म्हणाल्या. "धाकट्या बहिणीला दिलेलं वचन आधीचं आहे. ते बांधलेलं असेल, तर कंपनीचा करार त्यापुढे टिकणार नाही. साक्षी काय म्हणते ते ऐकू."

खोलीत रेवतीचा आवाज उमटला आणि मेघनाने टेबलाची कड घट्ट धरली.

"माझा आवाज तुझा, मेघे. साचा करून तुलाच देणार."

मग मेघनाचा तेव्हाचा फाटका आवाज आला. "ताई, ही सुपारी घे आधी. साक्षी ऐकत्येय."

"ठेव तिकडं. खुळी का काय! धाकटीकडून घेतात का कधी?"

"नावाला गं, ताई."

"नावालासुद्धा नाही. आई असती तर तिनं मला झोडपलं असतं. जा, चहा टाक."

ध्वनी थांबला. मगदूम सर ताडकन उठले. "चहा! बाई, तिने चहा मागितला. वचन देणारीने स्वतःच्या तोंडाने मागितला आणि मेघनाने तो करून दिला. चहा हेसुद्धा प्रतिफल होऊ शकतं. किती मोठं ते आपण विचारत नाही!"

मेघनाच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. चहा तिने दिला होता, आलं ठेचून.

बिराजदारबाई विचारात पडल्या. त्यांनी तो भाग पुन्हा ऐकला, आणि पुन्हा एकदा. "चहा मागितला खरा," त्या सावकाश म्हणाल्या, "पण वचनाच्या बदल्यात नाही मागितला. वचन देऊन झालं होतं. चहा मिळाला नसता तर तिने शब्द फिरवला असता का, सर?"

"कधीच नाही," सर म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

"मग दुसरं पाहा," ते घाईने म्हणाले. "रेवतीच्या दोन्ही बाळंतपणांत मेघनाने तिचं सगळं केलं. आपणहून आधी केलेल्या कामाची फेड म्हणून वचन दिलं, तर आपला कायदा ते मानतो."

"मानतो. तसं ती म्हणाली का, ते पाहू." बाईंनी साक्षीला पुढे जायला सांगितलं.

कपबशीचा आवाज. मग मेघना: "माझ्यासाठी किती करतेस गं."

आणि रेवती: "तू माझं काही केलंस म्हणून नाही देत मी. माझी आहेस म्हणून देते. साखर विसरलीस बघ."

 कायद्याचं हे दुसरं दारही त्या एका वाक्याने लावून घेतलं होतं.

"मायेपोटी दिलेलं वचनही कायदा मानतो," बिराजदारबाई म्हणाल्या, "पण ते लिहून नोंदवावं लागतं. तसं केलंत का तुम्ही?"

मेघनाने मान हलवली. बहिणी-बहिणींत लिहून कोण घेतं?

"आणि कंपनीने काय दिलं होतं?"

तरुण वकील उठला. त्याला स्वतःलाच अवघडल्यासारखं झालं होतं. "स्टीलचा डबा, बाई. झाकणावर आमचं कमळ कोरलेलं." त्याची नजर सरांच्या पुढ्यात गेली आणि तो अडखळला. "तो... तोच असावा."

सगळ्यांनी पाहिलं. भडंगाच्या डब्याच्या झाकणावर कमळ होतं. रेवतीने घरी येताच तो मेघनाला देऊन टाकला होता.

"वचन पाळायलाच तर ती तिकडे गेली होती," सर म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातला राहिला नव्हता.

"मला कळतंय, सर. मला बहीण आहे." बिराजदारबाईंनी चष्मा काढला. "पण डबा घेतला आणि सुपारी घेतली नाही. मी काय करू? अपील करा, पण तिथेही हेच ऐकलं जाईल. जे झालं ते साक्षी तसंच्या तसं सांगते."

आवाजाचे सर्व हक्क मधुस्वरचे ठरले. त्या संध्याकाळी मेघनाच्या फोनमधले रेवतीचे जुने निरोपही मुके झाले. "मेघे, दूध आणलंस का?" एवढं वाक्यसुद्धा वाजेना.

पुढे काही दिवस आप्पा नुसत्या पाण्यावर होते. सर रोज येऊन बसत. कधी ओवीला पुढे करत, पण पोरीच्या आवाजाला आप्पा "कुणाची गं तू, बाळ?" म्हणून गप्प होत आणि तोंड मिटूनच ठेवत.

आणि एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी आवाज आला, "ओला कचरा, सुका कचरा वेगळा द्या. सावकाश या, गाडी थांबली आहे."

मेघनाच्या हातातलं भांडं निसटलं. तो रेवतीचा आवाज होता. कंपनीने तो घंटागाडीसाठी विकला होता.

आतून आप्पा ओरडले, "रेवती आली! मेघे, अगं ताई हाका मारत्येय, दार उघड!"

ती धावली. आप्पांना धरून तिने बाहेरच्या कट्ट्यावर बसवलं, भाताचा घास करून ओठांशी नेला. "सावकाश या, गाडी थांबली आहे," रेवती म्हणाली आणि आप्पांनी तोंड उघडलं. घास गिळला. दुसरा. गाडी पुढे सरकली, आवाज वळणाआड गेला आणि ओठ पुन्हा मिटले.

दुसऱ्या दिवसापासून ती तयारीत राहू लागली. भात मऊ कालवून, कट्ट्यावर, घंटेची वाट पाहत. गाडी दारात उभी असे तेवढा वेळ आप्पांचं जेवण. गाडीवाला दस्तगीर पाहत होता. एके दिवशी तो उतरलाच.

"ताई, रोज बघतोय. गाडी असली की खातात, गेली की नाही. हे काय गूढ?"

मेघनाने पट्टी बंद ठेवली. तो कुणाचाच नसलेला आवाज आप्पांच्या कानी पडू नये म्हणून तिने पाटीवर लिहून दाखवलं, 'हा आवाज माझ्या बहिणीचा आहे. ती गेली.'

दस्तगीरने ते वाचलं. टोपी काढून पुन्हा घातली. "मग रोज थांबतो की! म्हाताऱ्याचं पोट भरेस्तोवर गाडी हलवत नाही. ह्या गल्लीला मी हाय तोवर शब्द तुम्हाला."

चौकटीवरची साक्षी ऐकत होती. मेघना घरात पळाली. फडताळावर ती सुपारी अजून होती, रेवतीने "ठेव तिकडं" म्हटलेली. तिने ती मुठीत धरून आणली आणि दस्तगीरपुढे हात केला.

"हे काय? सुपारी?" तो दोन पावलं मागे सरकला. "छे छे, ताई! ह्याचं काय घ्यायचं असतंय? बापासारखे हैत."

तिने मान जोराने हलवली. सुपारी त्याच्या हातात कोंबायला गेली. घेतलीत तरच शब्द बांधला जाईल, हे तिला सांगायचं होतं, पण पाटीवर एवढं लिहायला वेळ नव्हता. मागच्या गल्लीतून लोक गाडीला ओरडत होते. मगदूम सर दारातून मोठ्याने म्हणाले, "घ्या हो, दस्तगीर! नावाला घ्या!"

"सर, तुम्हीपण!" तो हसला. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले, एखाद्या पोरासारखे. "एवढ्यासाठी घेतलं तर अल्ला काय म्हणेल? उद्या येतो, ताई." त्याने गाडी सुरू केली.

चौकटीवर राखाडी दिवा लागला. "वचन बांधलेले नाही," साक्षी म्हणाली.

वळणाआडून रेवतीचा आवाज पुसट होत गेला. आप्पा तोंड उघडून पुढच्या घासाची वाट पाहत होते. मग त्यांनी ते हळूच मिटलं. मेघना सुपारी धरून उभीच राहिली.

ओवी केव्हाची आजोबांच्या शेजारी येऊन उभी होती. तिने त्यांचा सदरा ओढला.

"आजोबा, उद्या गाडी थांबेल?"

 सर त्या वळणाकडे पाहत राहिले.