डॉक्टरीणबाई येणार न्हाईत

श्रावणातली झड लागली होती. गगनबावड्याच्या जनावरांच्या दवाखान्यात एक तरुण धापा टाकत शिरला आणि टेबलामागच्या मुलीला म्हणाला, "डॉक्टरांना बोलवा हो पटकन. म्हैस अडलीया!"

"चला."

"तुम्ही न्हवं... डॉक्टर!"

"मीच डॉक्टर," गमबूट चढवत अक्षता म्हणाली. "बाई आली म्हणून म्हैस तक्रार करंल का तुमची?"

गोठ्यात तिनं खांद्यापर्यंत हात घालून रेडकू वळवलं, पायांना दोरी बांधून बाहेर काढलं. तो शेपूट धरून उभा होता, पांढराफटक. सगळं झाल्यावर त्यानं कढत पाण्याची बादली पुढं केली आणि तिच्याकडं बघतच राहिला.

"गालाला चिखल लागलाय..."

"राहू दे. अजून दोन गावं फिरायचीत."

त्याचं नाव प्रसेनजीत. शिरोलीच्या कारखान्यात यंत्रांचं काम शिकून तो कॅनडाला गेलेला, महिन्याच्या सुट्टीवर आईकडं आला होता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दवाखान्यात. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी म्हणाला, "रेडकू काय खात न्हाय बघा."

"चार दिवसांचं रेडकू ते! काय खायला घालताय?"

"मग... मालकाला तपासा. भूक न्हाय, झोप न्हाय..."

"मी जनावरांची डॉक्टर हाय."

"म्हणून तर आलोय!"

अक्षता इतकी हसली की शिपाई आत डोकावला.

दोन हजार सालच्या जानेवारीत तो पुन्हा सुट्टी काढून आला आणि तिच्या माहेरी, कसबा बावड्यात, त्यांचं लग्न लागलं. कागद झाले की कॅनडाला जायचं, हे तिनं आनंदानं कबूल केलं होतं. तीन आठवड्यांचा संसार झाला. चारचौघांत 'अहो', एकटं असलं की 'तू'... आणि तो उडाला. मग पत्रं, आणि रविवारी दहा मिनिटांचा फोन.

अडीच वर्षं अशी गेली. 'बाईमाणूस काय करणार' म्हणणारे शेजारच्या वाडीच्या आप्पासोंसारखे म्हातारे आता तिच्यासाठी बैलगाडी जुंपून थांबायचे. गाभण म्हशीच्या पोटावर हात ठेवला की आतलं तिला कळायचं. कॅनडात जनावरांचं डॉक्टर व्हायला पुन्हा परीक्षा द्यावी लागते; तिला किती वर्षं लागतील, हे तिनं पत्रं लिहून विचारलं होतं. काही वर्षं तरी जातील आणि तोवर जनावराला हात लावायचा नाही, असं उत्तर आलं होतं.

आणि जुलैत ते पाकीट आलं. नवऱ्याजवळ कायम राहायला मंजुरी! नोव्हेंबरअखेर तिकडं पोचायचं, नाहीतर कागद रद्द.

तिच्या आईनं पेढे वाटले. अक्षतानं पाकीट वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "मी जाणार न्हाय."

"येड लागलंय का? लोक म्हणतील, नवऱ्यानं टाकली!"

"मीच राहिले म्हणून सांग की."

"निदान सासू आजारी हाय म्हण..."

"आत्ती ठणठणीत हायत. खोटं कशाला? मला माझं काम आवडतं, म्हणून राहणार."

साखर कारखान्यात पोती वाहून तिला शिकवणारे तिचे वडील, गणपती, हातातला पेढा ठेवून पुढं आले. "पोरगीला डॉक्टर करताना मी कुणाला इचारलं न्हवतं," ते म्हणाले. "आता तिनं का इचारावं?"

रविवारच्या फोनवर तिनं नवऱ्याला सांगितलं तेव्हा पलीकडं नुसती खरखर. मग फोन ठेवल्याचा आवाज.

ऑक्टोबरात प्रसेनजीत आला. दोन तिकिटं घेऊनच. दवाखान्याच्या पायरीवर तो बसला होता. ती शेजारी बसली. दोघांमध्ये एक हात जागा... तीन वर्षांची.

"शब्द दिलावतास तू."

"दिलावता. मोडतेय. दोष माझाच."

"माझ्यापेक्षा म्हशी जास्त झाल्या?"

"तराजू तू आणलास, मी न्हाय." ती त्याच्याकडं वळली. "तिथं तू कामावर जाशील, आणि मी खिडकीत बसून तुझी वाट बघीन. दोन वर्षांनी तुला माझी कीव येईल. मग मला तुझा राग येईल. त्यापेक्षा आत्ताच भांडूया की!"

त्यानं खिशातली तिकिटं काढून मांडीवर ठेवली.

"आणि एक. कधी बोलले न्हाय, आता बोलते. तुझ्यावर जीव हाय माझा. लई हाय. पण एक तिकीट परत दे."

तो उठून गेला. पंधरा दिवस तो आईच्या घरी, ती दवाखान्याच्या खोलीवर. सासूबाई, तानाबाई, दोघांनाही भाकरी पोचवत होत्या आणि दोघांनाही शिव्या घालत होत्या. तो रोज सकाळच्या एसटीनं कुठंतरी जायचा. कुठं ते तिनं विचारलं नाही.

निघायच्या दिवशी ती कोल्हापूरच्या स्टेशनवर आली. त्याच्याजवळ एकच पिशवी.

"शिरोलीत नोकरी धरलीया," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "तिथलं घर सोडायचं, राजीनामा द्यायचा... मार्चपर्यंत येतो."

"मी तुला परत ये म्हणाले न्हवते."

"न्हवतीस की. पण तू कायमची सुटलीस असं धरून पंधरा दिवस राहून बघितलं. जमंना." मग एकदम तिच्याकडं वळून, "आणि ऐक, राग गेला न्हाय माझा. लई काही सोडून येतोय मी. कवातरी बोलून दाखवीन."

"दाखव. राग घेऊनच ये. मी पण काय गप्प बसणारी न्हाय."

तो हसला. आल्यापासून पहिल्यांदाच.

मार्चात तो आला, भांडणंही झाली. ते सगळं नंतरचं. त्या दुपारी मात्र गाडीनं शिट्टी दिली आणि अक्षतानं भर फलाटावर त्याचा हात धरला. बाकड्यावरच्या दोन बायका टकामका बघायला लागल्या. तिनं त्यांच्याकडं बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत डोळे घालूनच त्याचा हात आणखी घट्ट धरला.