साक्षीदाराची पाच वाक्यं

"माझ्या भावाला कोणीतरी पुसून टाकलंय," असं म्हणत त्या मुलीने पिशवीतून एक छोटं गेमचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

खाजगी तपास करणाऱ्या त्या बाईंना सगळे भिंगताई म्हणत. त्यांनी यंत्राकडे पाहिलं आणि काही न कळून शेजारी पाहिलं. शेजारी त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान बसले होते. दाजी म्हणजे निवृत्त दंतवैद्य. त्यांनाही काही कळलं नव्हतं.

"कोर्टाचा खेळ आहे," मुलगी म्हणाली. "दादा वारला तेव्हा तो शेवटच्या खटल्यात होता. मी त्याचा खेळ तसाच ठेवला होता. उघडायचे आणि नुसतं बघायचे. काल उघडला तर पहिलाच खटला. हे वहिनीचं काम. तिला यंत्र विकायचं होतं. आज तिला माहेरी जायला सांगणार आहे."

"घरात कोणाला बोललीस?"

"नाही. सध्या आमच्यात बोलणंच नाही."

"मग संध्याकाळपर्यंत थांब."

दाजींनी यंत्र हातात घेतलं. पडद्यावर मोठाल्या अक्षरांत वाक्य उमटू लागलं, एकेक अक्षर करत, अगदी सावकाश.

"हे बघायचं की खेळायचं? आणि यात आपण कोण?"

"बचावाचे वकील," मुलगी म्हणाली. "अक्षरं मोठी कोणी केली? दादाची बारीक होती, आणि पळायची."

साक्षीदार एक बेकरीवाला होता. सबंध गल्लीची वीज गेली होती, म्हणाला. आपण दुकानात एकटेच होतो. टीव्हीवर बातम्या बघत होतो. तेवढ्यात किंकाळी ऐकली. खिडकीतून आरोपी पळताना दिसला. पाच वाक्यं झाली आणि पुन्हा पहिलं वाक्य आलं.

"अहो, वीज नाही तर टीव्ही कसा?" दाजी म्हणाले. "आणि हा परत तेच का सांगतोय?"

"आक्षेप घेईपर्यंत तो तेच सांगत राहतो. आक्षेप चुकला की पडद्यावरच्या पाच तराजूंपैकी एक जातो."

वर पाचही तराजू शाबूत होते. कोपऱ्यात या नव्या खेळाचा वेळ दिसत होता. पहिल्याच खटल्यात कित्येक तास.

दाजी बटण दाबत राहिले आणि खेळाच्या सुरुवातीच्या पानावर जाऊन पोहोचले. पडद्यावर आलं, 'नवा खेळ. जुना खेळ पुसला जाईल. चालेल?'

भिंगताईंनी त्यांचा हात धरला. "दाजी, अंगठा."

"सवय लागली हो. प्रत्येक वाक्याला हेच बटण."

मुलीच्या घरी तिघं जण होते. भिंगताईंनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायला घेतला, आणि तोही अर्धाच. "तुम्ही ते यंत्र..."

"मी हात लावलेला नाही," वहिनी म्हणाली. "विकू या म्हणाले होते, ते खरं आहे. पुढचं विचारा."

मामा फोनवर गेम खेळत होते. "मुद्द्याचं बोला, ताई. मी सिनेमासुद्धा पळवून बघतो."

बाबांनी तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर काढली होती. "तुम्ही ते यंत्र..." म्हणून भिंगताई थांबल्या. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. दाजी चुळबुळले, खोकले. बाबा बघतच होते. शेवटी भिंगताईच म्हणाल्या, "काही नाही."

"माझं डोकं बधिर झालंय," दाजी बाहेर येऊन कुजबुजले.

"तुम्हीच तर सगळं सांगितलंत."

संध्याकाळी सगळे एका खोलीत बसले.

"यंत्र घेऊन कोणीतरी तासन्‌तास बसलं होतं," भिंगताई म्हणाल्या. "मामांनी पहिल्याच मिनिटात अक्षरं पळवली असती. इथे ती मोठी आणि मंद केली आहेत. वहिनींनी भराभर आक्षेप घेतले असते आणि तराजू गमावले असते. इथे पाचही आहेत. साक्षीदाराची लबाडी दाजींना एका फेरीत दिसली. मग खेळणाऱ्याला ती तासन्‌तास दिसली नाही?"

"दिसली असेल तर तो बोलला का नाही?" दाजींनी विचारलं.

"कारण समोरच्याचं बोलणं संपल्याशिवाय तो बोलत नाही. आणि हे बोलणं संपतच नाही. जुना खेळ पुसला तर चालेल का, हा प्रश्नही त्याला पुढचं वाक्यच वाटला. तुमच्यासारखं."

सगळे बाबांकडे वळले. भिंगताईंचं संपलं याची खात्री करून घेऊन बाबा म्हणाले, "तो सारखा म्हणायचा, बाबा, एकदा खेळून बघा. राहून गेलं. म्हटलं, त्याने केली तिथूनच सुरुवात करू." त्यांनी यंत्राकडे पाहिलं. "मी पुसलं त्याचं?"

मुलीला कोणावर रागवावं हेच कळेना. "पण वहिनी तर विकायलाच निघाली होती, तिला काय त्याचं..."

"थांब."

तिचं वाक्य अर्धंच राहिलं. बाबांना असं मध्ये बोलताना घरात कोणी ऐकलं नव्हतं.

"तू ते उघडून रोज रडायचीस, म्हणून ती विकू या म्हणाली. मला सांगितलं होतं तिने. मी ऐकून घेतलं आणि गप्प बसलो."

वहिनी एकदाही मध्ये बोलली नाही.

मुलगी उठली. यंत्र घेऊन ती वहिनी आणि बाबा यांच्या मधल्या जागेत जाऊन बसली. "बाबा, आक्षेप घ्यायला दुसरं कोणी उठत नाही यात. तुम्हीच उठायचं असतं. हे बटण."

बाबांनी बातम्यांच्या वाक्यापर्यंत वाट पाहिली. ते पूर्ण वाचलं, मग बटण दाबलं. तोवर किंकाळी आली होती. एक तराजू गळून पडला.

"चुकलं?"

"उशीर झाला," मुलगी म्हणाली. "दादाचंही पहिल्यांदा असंच चुकलं होतं."

बेकरीवाल्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वहिनीही पुढे वाकून वाचू लागली.