बारा नंबरची सही

"तुम्ही कालपासून हरवलेल्या आहात," फाटकावरचा वनरक्षक म्हणाला.

मी हसले. तो हसला नाही. त्याने वही माझ्यापुढे सरकवली. समुद्रकाठच्या त्या राष्ट्रीय उद्यानात शिरताना सही करायची आणि बाहेर पडताना पुन्हा करायची, असा नियम. शनिवारी माझा नंबर होता बारा. आत जातानाची सही होती, परतीचा रकाना कोरा. ओहोटी पाहून मी वाळूवरूनच थेट गावात गेले होते आणि वही साफ विसरले होते.

"मग... तुम्ही काय केलंत?"

"शोधलं. तीन तास. कड्याखालीही उतरलो. शेवटी तुम्ही वहीत लिहिलेल्या अतिथिगृहात फोन केला, तर म्हणे तुम्ही दुसऱ्यांदा भात वाढून घेताय."

त्याचं कोपर खरचटलं होतं, चष्म्याची काडी वाकली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शहरात मी भाड्याच्या खोलीत एकटी राहते. घरी पोचलीस का, असं विचारणारं कुणी नाही. आणि हा अनोळखी माणूस माझ्यासाठी कडा उतरला होता.

"चष्मा द्या इकडे. मी चष्म्याच्याच दुकानात काम करते."

अंगठ्याने काडी सरळ केली, त्याच्या डोळ्यांवर चढवून बघितली. "तुमचा उजवा कान जरा वर आहे."

"हे आजवर कुणी सांगितलं नाही."

"कुणी नीट बघितलं नसेल."

तो वरचा कान लाल झाला.

त्या दिवशी त्याने मला एकटीला सोडलंच नाही. "बारा नंबरवर विश्वास नाही," म्हणत गस्तीला सोबत घेऊन गेला. भुरभुर पाऊस, खारा वारा, पायाखाली निसरडी वाट. घसरायच्या जागी तो हात पुढे करायचा, आणि सपाटी आली की घाईने काढून घ्यायचा. कड्यावर पांढरे पक्षी घरट्यांत बसले होते. तो त्यांच्याबद्दल भडाभडा बोलला, स्वतःबद्दल मात्र एक अक्षर नाही. शहराकडे जाणारी पाचची बस शेवटची होती. काहीतरी बोल रे बाबा, मी मनात म्हणत होते... मला तो आवडला होता, अगदी मनापासून.

पावणेपाचला आम्ही फाटकाशी आलो. त्याने वही उघडली. मी कालची सही केली आणि पेन खाली ठेवलं.

"आजची राहिली."

"ती नाही करणार."

"मग नियमाप्रमाणे तुम्ही आतच आहात," तो हळूच म्हणाला. "मला शोधावं लागेल."

"शोधाल?"

त्याने चष्मा पुसला, पुन्हा घातला. "काल शोधताना भीती वाटत होती. आज तुम्ही बसने जाणार म्हणून... त्याहून जास्त वाटतेय."

बाहेर बसचा भोंगा वाजला. मी पेन उचललं आणि आजच्या परतीच्या रकान्यात दुकानाचा पत्ता लिहिला. मागे न बघता पळत सुटले, कारण बघितलं असतं तर बस चुकली असती.

सोमवारी दुकान बंद असतं. मंगळवारी सकाळी मी शटर उघडायला गेले, तर पायरीवर तो बसलेला. रात्रभराच्या प्रवासाने कपडे चुरगळलेले, आणि चष्म्याची काडी पुन्हा वाकडी.

"सापडलात," तो म्हणाला.

"काडी मुद्दाम वाकवलीत ना?"

"हो," तो म्हणाला, आणि चष्मा काढून माझ्या हातात दिला.