मिठाच्या राशीतले निळे कण

मीठ पांढरं. मग चाळण्याच्या काचेखाली निळे ठिपके आले कुठून?

चाळण्या म्हणजे केतकीच्या भाऊआजोबांनी बनवलेला ठेंगणा यंत्रमानव. आजोबांची हयात समुद्राचं पाणी तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर तरी स्वस्थ बसतील तर शपथ! चाळण्यानं मूठभर मीठ पाण्यात विरघळवलं, बारीक जाळीतून गाळलं आणि उरलेल्या एका निळ्या कणाला तापलेली सुई लावली. कण आक्रसून वळला.

"वाळू असती तर ढिम्म हलली नसती," चाळण्या म्हणाला. "हे सूक्ष्मप्लास्टिक (पाच मिलिमीटरहून लहान प्लास्टिकचे तुकडे)."

केतकीच्या आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मिठागर तिचं. हंगामाची पहिली मूठ शेजारीपाजारी वाटल्याशिवाय ती मीठ विकत नसे.

"ह्यां मीठ मी कोणाच्या पानात वाढूचंय नाय," ती म्हणाली. सगळा हंगाम वाया?

"थांब गो," आजोबा म्हणाले. "आधी चोर खयसून इलो तां बघूया."

चाळण्यानं खाडीचं पाणी गाळलं. दोन-चार रंगीत तंतू. वाफ्यातलं मीठ गाळलं, तेवढेच. राशीवरचं गाळलं, तर निळंच निळं!

केतकीनं राशीकडे पाहिलं. वर जुनी निळी ताडपत्री. तिच्यावरची धूळ केतकीच रोज झटकायची, तीही तिथेच, राशीवर.

"आजोबा, मीच रोज झटकतंय ती!" ती रडकुंडीला आली.

"उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं," चाळण्या समजावू लागला. "झटकलं की तुकडे पडतात, तुकड्यांचे आणखी तुकडे. ते दिसेनासे होतात, पण नाहीसे होत नाहीत."

"पण वरसून पडलां तां वरच रवतलां," आजोबा हसले.

वरचा थर खरवडला. आतलं मीठ गाळलं. निळा एकही नाही! आईनं इतका मोठा सुस्कारा सोडला की आजोबाही हसले. खरवडलेलं मीठ खाडीत टाकलं नाही. चाळण्यानं तेही गाळून निळे कण बाटलीत कोंडले. राशीवर आता नारळाच्या झावळ्या आल्या. खाडीतून येणाऱ्या त्या दोन-चार तंतूंसाठी आजोबा पाण्याच्या वाटेवर बसवायची जाळी विणायला लागलेसुद्धा.

आईनं वाटी भरली. "जा गो, पयली मूठ तूच घेवन जा."

केतकीनं मिठानं भरलेला फ्रॉक झटकला, पण राशीपासून चांगली लांब जाऊन, आणि वाटी घेऊन धूम ठोकली.