प्रकाश पडला होता का?

शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावला होता आणि साखरवेळची कोळीवस्ती चटयांवर बसून स्वतःलाच बघत होती. कुणी आपली होडी ओळखून हसत होतं, कुणी शेजारणीला कोपराने ढोसत होतं. मागे उभ्या असलेल्या उत्पला खांबेटेला बरं वाटलं. माहितीपट तिचाच होता. तिच्या माहितीपटांत दृश्यं लांबलचक असत, मध्ये कुठेही न तोडलेली. प्रकाश माणसावरून निघून कॅमेऱ्यात पडतो, म्हणून चित्र हा त्या माणसाचा ठसाच असतो, त्याला कात्री लावायची नाही, असं ती विद्यार्थ्यांनाही सांगे.

पडद्यावर खाडीपलीकडच्या मोठ्या बंदरातला मासळीचा लिलाव सुरू झाला. धुक्यातून दाढी वाढलेला एक तरुण वळला, सरळ समोर बघून गर्दीत शिरला.

"थांबवा!" पार्वताबाई चोगले उठून उभ्या राहिल्या. "त्यो माझा नितेश हाय."

त्यांच्या मुलाची, नितेशची होडी दिवाळीनंतरच्या वादळात बुडाली होती आणि तो सापडला नव्हता. लिलावाचं चित्रण जानेवारीतलं.

वादळाआधी उत्पलाने नितेशचं भरपूर चित्रण केलं होतं, याच कॅमेऱ्याने. आणि हा कॅमेरा पूरकचित्रण करणारा होता. धुकं, अंधार, मध्येच आलेली कुणाची पाठ, यामुळे जे दिसायचं राहील ते तो पूर्वी पाहिलेल्यातून भरून काढायचा. दुसऱ्या तऱ्हेचे कॅमेरे आता मिळतच नव्हते.

बाहेर येऊन तिने सरफराजला फोन लावला. तिचे कॅमेरे तोच सांभाळायचा.

"तो चेहरा खरा की भरलेला, एवढंच सांग."

"नाही सांगता येणार, मॅडम. पडलेला प्रकाश आणि भरलेला भाग एकजीव करूनच साठवतो तो. मूळ चित्र वेगळं उरतच नाही."

"पण माझ्या आधीच्या चित्रणात नितेशला दाढी नव्हती!"

"मध्ये किती दिवस गेले ते कॅमेऱ्याला कळतं. दाढी वाढवू शकतो तो."

ती आत आली तेव्हा पार्वताबाई दारातच होत्या. "ताई, यंत्राचं राहू द्या. तुमी तिथं उभ्या होतात ना? तुमच्या डोळ्यांनी बघितलात ना त्याला?"

उत्पलाने आठवून पाहिलं. मासळीचा वास आठवला, बोली लावणाऱ्यांचा आरडाओरडा आठवला. पण तिची नजर सगळा वेळ कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर खिळलेली होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "कदाचित तो तिथे नव्हताच."

"कदाचित व्हता. डोक्याला मार बसला असंल. घर आठवत नसंल."

दुसऱ्या दिवशी दोघी त्या बंदरावर गेल्या. फोटो दाखवायचा नाही, नुसतं विचारायचं, असं उत्पलाने बजावलं होतं. नाव सांगून, वर्णन करून झालं. कुणालाच काही ठाऊक नव्हतं. शेवटी पार्वताबाईंचा धीर सुटला. त्यांनी कुणाकडून तरी मिळवलेलं पडद्यावरचं ते चित्र फोनवर काढून बर्फ फोडणाऱ्या माणसापुढे धरलं. तो बराच वेळ बघत राहिला.

"हां, बघितलाय की ह्याला. धुकं होतं. असा वळून बघत होता." त्याने मान वळवली, हुबेहूब चित्रातल्यासारखी.

"फोटो बघायच्या आधी आठवत होता का तुम्हाला?" उत्पलाने घाईने विचारलं.

"आता असं विचारलंत तर…" तो गोंधळला. "पण डोळ्यांसमोर आहे माझ्या!"

पार्वताबाई तोवर घरी फोनवर बोलत होत्या. "रविवारचा विधी रद्द करा. दर्भाचा पुतळा करून जाळायचा नाय माझ्या पोराच्या नावानं. त्याला माणसांनी बघितलाय!" त्यांनी डोळे पुसले आणि उत्पलाचा हात घट्ट धरला. "ताई, आता तरी पटलं ना?"

उत्पला लिलावाच्या जागेकडे बघत राहिली. आणि तिलाही आठवलं. धुकं, वळलेला तरुण, थेट तिच्या डोळ्यांत रोखलेले त्याचे डोळे. अगदी लख्ख आठवलं.

हे जानेवारीतल्या त्या सकाळचं आठवत होतं, की काल संध्याकाळच्या पडद्यावरचं?